ग्राफवरचा स्पाइक खरा की खोटा? आधी वजाबाकी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाखांच्या सेकंदाला ३० मेगाबिटच्या लिंक दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांकडून आकडे मागवण्याच्या प्रोटोकॉलने) पोल होतात, म्हणजे त्यांचे आकडे विचारले जातात, आणि महिन्यातून एक-दोनदा कुठल्यातरी लिंकवर ९२ मेगाबिटचं टोक, म्हणजे स्पाइक, दिसतं. मुख्य राउटरच्या ग्राफवर एकदा ४९२ पेटाबिट (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट) असा आकडा आला. सर्व्हरच्या एक गिगाबिटच्या एका पोर्टवर, जिथे दर दहा सेकंदांनी पोलिंग चालतं, तिथे १.०५ गिगाबिट वारंवार दिसतो. मग सरासरीच्या तिप्पट-चौपट वरचं सगळं छाटून टाकणारी स्क्रिप्ट लावावी का?

नको. या तिन्ही लक्षणांची कारणं वेगवेगळी आहेत आणि छाटणीने त्यातलं एकही दूर होणार नाही. आकडे मात्र फार बोलके आहेत. ९२, ४९२ आणि १.०५ या तिघांवरूनच निदान बरंचसं होतं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

एक गोष्ट आधी मनात पक्की करून घ्या. स्विच किंवा राउटर ‘सेकंदाला इतके बिट’ असं एसएनएमपीच्या या काउंटरमधून सांगत नाही. तो एक वाढत जाणारा आकडा देतो: आतापर्यंत इतके बाइट आत आले, इतके बाहेर गेले. वेग आपण काढतो. आत्ताचा आकडा वजा मागचा आकडा, भागिले मधला वेळ. म्हणजे ग्राफवरची रेघ ही मोजलेली गोष्ट नसून हिशोबाने काढलेली गोष्ट आहे. बहुतेक खोटे स्पाइक या वजाबाकीत किंवा या भागाकारात जन्माला येतात. त्यामुळे तपास ग्राफवर सुरू करू नका. कच्चे काउंटर आणि प्रत्येकाची नेमकी वेळ समोर घ्या. तुमची प्रणाली फक्त काढलेला वेग साठवत असेल आणि कच्चा आकडा फेकून देत असेल, तर संशय असलेल्या पोर्टपुरता तरी तो आजपासून वेगळा साठवायला लागा. पुढच्या वेळी हाताशी पुरावा असेल.

आता ९२ मेगाबिट. ९२ मेगाबिट गुणिले ३०० सेकंद, भागिले ८, म्हणजे ३४५ कोटी बाइट. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ला, म्हणजे सुमारे ४२९.५ कोटीला, पुन्हा शून्यावर येतो. ४२९.५ मधून ३४५ गेले की उरतात ८४.५ कोटी. समजा मागच्या पोलला काउंटर ८६ कोटी होता, मध्येच राउटर रीबूट झाला आणि पुढच्या पोलला तो दीड कोटी दाखवू लागला. हिशोब करणाऱ्या प्रोग्रामला दिसतं की आकडा घटला. तो समजतो की काउंटर भरून पुन्हा शून्यापासून फिरला, आणि ४२९.५ कोटी मिळवून टाकतो. दीड वजा ८६ अधिक ४२९.५, उत्तर ३४५ कोटी. रीबूटला काउंटरचा फेरा समजल्याची ही चूक आहे, आणि तिची खूण म्हणजे तिला एक छत असतं: ३०० सेकंदांच्या पोलिंगला ११४.५ मेगाबिट, ६० सेकंदांच्या पोलिंगला ५७२.७ मेगाबिट. तुमचे स्पाइक वेगवेगळ्या उंचीचे असले तरी एकही ११४.५ च्या वर जात नसेल, तर जवळजवळ खात्री बाळगा.

४९२ पेटाबिटही याच घराण्यातला आहे, फक्त काउंटर ६४ बिटांचा. दोनाचा ६४ वा घात गुणिले ८ भागिले ३०० करून पाहा. बरोबर ४९२ पेटाबिटच्या आसपास उत्तर येतं. आरआरडीटूल या ग्राफचे आकडे साठवणाऱ्या साधनात डेटा सोर्सचा प्रकार ‘काउंटर’ ठेवला की तो घट दिसल्यावर आधी ३२ बिटांचा फेरा धरून पाहतो, तेवढ्याने उत्तर धन झालं नाही तर ६४ बिटांचा धरतो. खरं तर ६४ बिटांचा बाइट काउंटर दहा गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवरही फिरायला साडेचारशेहून जास्त वर्षं लागतात. तेव्हा ६४ बिटांचा काउंटर घटलेला दिसला तर फेऱ्याचा विचारच करायचा नाही. रीबूट, एजंटची (उपकरणात एसएनएमपीला उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची) पडझड, कार्ड बदलणं, इंटरफेस नव्याने तयार होणं, यातलंच काहीतरी झालं असणार.

यावर औषध सरळ आहे, पण क्रम पाळा. पहिल्यांदा सगळी पोलिंग ६४ बिटांच्या काउंटरवर न्या: आत येणाऱ्यासाठी आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स, ओआयडी (एसएनएमपीतला त्या मूल्याचा पत्ता) १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, आणि बाहेर जाणाऱ्यासाठी त्याचाच भाऊ, शेवटचा आकडा १०. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर मिळतच नाहीत. व्ही-टू-सी किंवा व्ही-थ्री हवं. आरएफसी २८६३ या मानकाप्रमाणे २० मेगाबिटच्या वरच्या प्रत्येक इंटरफेसला हे काउंटर असायला हवेत, म्हणजे तुमच्या ३० मेगाबिटच्या लिंकलाही. मगच आरआरडीटूलमध्ये प्रकार ‘काउंटर’ऐवजी ‘डिराइव्ह’ करा आणि किमान मर्यादा शून्य ठेवा. ऋण उत्तर आलं की ते सॅम्पल ‘अज्ञात’ म्हणून जातं आणि ग्राफवर एक छोटी फट दिसते. ती फट प्रामाणिक आहे. ३२ बिटांवर असताना हे केलंत तर खरे फेरेही गळून जातील, म्हणून आधी काउंटर बदलायचा. झॅबिक्स या मॉनिटरिंग प्रणालीत ‘चेंज पर सेकंड’ ही प्रक्रिया घटलेली किंमत स्वतःहून टाकून देते, तिथे हा त्रास मुळातच कमी.

कमाल मर्यादाही घाला, लिंकच्या वेगापेक्षा किंचित जास्त. पण एवढ्यावर विसंबू नका. ९२ मेगाबिटचा हाच खोटा स्पाइक ३० च्या लिंकवर पकडला जातो, एक गिगाबिटच्या लिंकवर मर्यादेखालून निमूट निघून जातो आणि कुणाला संशयही येत नाही. माझ्या मते पेटाबिटवाले स्पाइक निरुपद्रवी असतात, कारण ते ओरडून सांगतात की आम्ही खोटे आहोत. विश्वास बसावा इतपत उंचीचे जे असतात, तेच क्षमतेच्या नियोजनात शिरतात.

जाता जाता याच नाण्याची दुसरी बाजू. एक गिगाबिटच्या लिंकवर ३२ बिटांचा काउंटर पूर्ण भारात ३४ सेकंदांत फिरतो. पाच मिनिटांनी विचारलंत तर मधले किती फेरे झाले हे कळायला मार्गच नाही. खरा वेग १२० मेगाबिट असेल तर ग्राफ साडेपाच दाखवतो. ११० असेल तर ११० च दाखवतो. वाहतूक ११४ च्या आसपास वरखाली होत असली की ग्राफवर करवतीचे दात दिसतात आणि लोक त्या दातांना स्पाइक म्हणतात. तिथे टोकं खरी असतात, दऱ्या खोट्या.

रीबूट झाला होता हे सिद्ध कसं करायचं? सिसअपटाइम, म्हणजे एजंट किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, पाहा, ओआयडी १.३.६.१.२.१.१.३.०. तो मागच्या पोलपेक्षा लहान झाला असेल तर एजंट नव्याने सुरू झाला. दोन अडचणी ध्यानात ठेवा. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात ३२ बिटांत मोजला जातो, त्यामुळे ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो आणि न झालेल्या रीबूटचा अलर्ट देतो. दुसरी, तो एजंटचा कार्यकाळ आहे, पोर्टचा नव्हे. पोर्टचे काउंटर एकटेच शून्यावर आले तर तो गप्प बसतो. त्यासाठी आयएफ-काउंटर-डिसकंटिन्युइटी-टाइम नावाचं वेगळं मूल्य आहे, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१९. या इंटरफेसच्या काउंटरची सलगता शेवटची कधी तुटली हे ते सांगतं. दोन पोलमध्ये ते बदललं असेल तर त्या दोघांची वजाबाकी करायचीच नाही. दुर्दैवाने काही उपकरणं ते इमानाने भरत नाहीत, म्हणून आधी एखादा चाचणीचा इंटरफेस पाडून-उठवून खात्री करून घ्या.

रीबूटनंतर आणखी एक घोळ होतो, तो जास्त चिवट. पोर्टचा आयएफ-इंडेक्स, म्हणजे एसएनएमपीतला त्याचा क्रमांक, बदलू शकतो. काल १४ नंबर म्हणजे शाखेची लिंक होती, आज १४ नंबर म्हणजे दुसरंच काहीतरी. वजाबाकी दोन वेगळ्या पोर्टमध्ये होते, एक टोक उठतं, आणि त्यानंतर ग्राफची नेहमीची पातळीच बदलून जाते. टोक एकदाच, पण नंतरची रेघ ओळखीची वाटत नाही, असं दिसलं की इंडेक्स तपासा. उपकरणावर इंडेक्स कायम ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि मॉनिटरिंगमध्ये पोर्ट नंबराने न बांधता आयएफ-नेमने, म्हणजे पोर्टच्या नावाने, बांधा. दोन उपकरणांच्या जोडीचा सामाईक आयपी पत्ता पोल करत असाल तर फेलओव्हरच्या क्षणी, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याकडे जाताना, अगदी हेच होतं. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर विचारा.

आता १.०५ गिगाबिट, जो मला या तिघांत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. अनेक उपकरणं काउंटर क्षणोक्षणी ताजे करत नाहीत. हार्डवेअरमधले आकडे ठरावीक काळाने एजंटच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) उचलले जातात आणि तुम्हाला तेच मिळतात. समजा कॅशे १५ सेकंदांनी ताजी होते आणि तुम्ही १० सेकंदांनी विचारता. दहाव्या सेकंदाला शून्याचा आकडा मिळतो, विसाव्याला पंधराव्याचा, तिसाव्याला तिसाव्याचा, चाळिसाव्यालाही तिसाव्याचाच. दोन पोलमधल्या फरकात कधी १५ सेकंदांची वाहतूक येते, कधी काहीच नाही. भागाकार मात्र दर वेळी १० ने. खरी वाहतूक संथ ७०० मेगाबिट असेल तर ग्राफवर १०५०, १०५०, ०, पुन्हा १०५०, १०५०, ० असा ठेका दिसतो. तुमचा १.०५ तिथूनच आला असावा. पडताळा सोपा आहे: एसएनएमपीगेट हा आदेश हाताने दर सेकंदाला चालवा, मिनिटभर आकडे पाहा आणि आकडा किती सेकंदांनी हलतो ते मोजा. पोलिंग त्या काळाच्या कितीतरी पट ठेवायचं. १५ सेकंदांच्या कॅशेवर ६० सेकंदांचं पोलिंग केलं तर चूक वाईटात वाईट पाव हिश्श्याची, ३०० वर पाच टक्क्यांची. जास्त वेळा विचारलं म्हणजे जास्त बारकाई मिळते, हा समज इथे उलटतो.

भागाकाराच्या बाकीच्या चुका याच जातीच्या. पोलरने एक उत्तर गमावलं आणि प्रोग्राम खऱ्या वेळेऐवजी ठरलेल्या ६० सेकंदांनीच भागत राहिला, तर पुढच्या सॅम्पलमध्ये दोन मिनिटांची वाहतूक एका मिनिटाच्या नावावर पडते. खूण: आधी खड्डा, लगेच दुप्पट टोक. मोठ्या स्विचची पूर्ण टेबल वाचायला एरवी ५ सेकंद लागतात आणि त्या दिवशी एजंट दमल्याने ४० लागले. पण सगळ्या आकड्यांवर वेळ मात्र वाचन सुरू झाल्याची पडली. मग उशिरा वाचल्या गेलेल्या पोर्टसाठी खरं अंतर ९५ सेकंदांचं, हिशोबात ६०. दीडपटीहून मोठं टोक आणि पुढच्याच सॅम्पलला तेवढीच दरी. पोलरच्या घड्याळाला एनटीपीने (घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) झटक्यात मागे-पुढे केलं तर एकाच क्षणी सगळ्या उपकरणांवर टोकं येतात. इतकी एकजूट खऱ्या वाहतुकीत क्वचितच असते. या सगळ्यावर मला लाभलेला उपाय म्हणजे काउंटर आणि सिसअपटाइम एकाच विनंतीत मागणं आणि उपकरणाच्याच घड्याळाने भागणं. वाटेत पॅकेट रेंगाळलं तरी उत्तर बिघडत नाही.

प्रोमिथियस ही मॉनिटरिंग प्रणाली वापरत असाल तर वेगळी सावधगिरी लागते. त्याच्या रेट फंक्शनचा नियम असा की काउंटर थोडा जरी घटला तरी तो शून्यावर जाऊन परत आला असं समजायचं, आणि नवीन पूर्ण आकडा वाढ म्हणून धरायचा. रीबूटसाठी हे उत्तम. पण काही एजंट ६४ बिटांचा आकडा दोन ३२ बिटांच्या तुकड्यांतून जोडतात, आणि दोन वाचनांच्या मध्ये खालचा तुकडा फिरला तर एखादं सॅम्पल मागे-पुढे उडी मारतं. काउंटर ९ लाख कोटी बाइटवर असताना तो एवढासा मागे गेला, तर प्रोमिथियस पाच मिनिटांत ९ लाख कोटी बाइट आले असं मानतो, म्हणजे २४० गिगाबिट. हा स्पाइक दिसायलाही निराळा: टोकदार नसतो, माथा सपाट असतो, आणि त्याची रुंदी रेटच्या खिडकीएवढी, पाच मिनिटांची असते. काउंटर किती वेळा घटला हे रीसेट्स फंक्शन चालवून मोजा. सिसअपटाइम वाढतच असताना रीसेट दिसत असतील तर दोष एजंटचा. आणि आधी बेरीज करून मग रेट कधीही काढू नका. चाळीस पोर्टांच्या बेरजेतून एक पोर्ट गायब झाला की बेरीज घटते आणि उरलेल्या एकोणचाळिसांचा आयुष्यभराचा हिशोब त्या क्षणाच्या नावे चढतो. आधी प्रत्येकाचा रेट, मग बेरीज.

टक्केवारीच्या ग्राफवर १०० च्या वर आकडे दिसत असतील तर अंश ठीक असूनही छेद चुकलेला असतो. आयएफ-स्पीड, म्हणजे उपकरणाने सांगितलेला पोर्टचा वेग, हे ३२ बिटांत बसतं, त्यामुळे त्याची कमाल ४.२९ गिगाबिटच. दहा गिगाबिटचा पोर्ट त्याने भागला तर २३३ टक्क्यांपर्यंत भरलेला दिसतो. आयएफ-हाय-स्पीड वापरा, ते मेगाबिटमध्ये असतं.

आता मुख्य भीती. खोटा ठरवण्याच्या नादात खरा स्पाइक पुसला जाऊ नये. माझ्या हातून हे झालं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही सरासरीच्या तिपटीवरचं सगळं टाकून देणारी गाळणी लावली. काही आठवड्यांनी एका स्विचवर लूप होऊन ब्रॉडकास्टचे (सगळ्यांना उद्देशून जाणाऱ्या पॅकेटचे) लोंढे थोड्या थोड्या वेळाने उठू लागले. लोकांच्या तक्रारी येत होत्या आणि आमचा ग्राफ शांत होता, कारण लोंढ्याचं प्रत्येक सॅम्पल गाळणीत अडकत होतं. कारण सापडायला दोन दिवस गेले. तेव्हापासून ‘नेहमीपेक्षा वेगळं’ या निकषावर मी काहीही पुसत नाही. ‘भौतिकदृष्ट्या अशक्य’ किंवा ‘काउंटरची सलगता तुटलेली’ एवढ्याच निकषांवर सॅम्पल नाकारतो.

खरेपणाचा माझा आवडता पडताळा पॅकेटचा आहे. त्याच काळातल्या बाइटच्या वाढीला पॅकेटच्या वाढीने भागा. पॅकेटचे काउंटर युनिकास्ट (एकासाठी), मल्टिकास्ट (गटासाठी), ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी) असे वेगळे असतात, त्यांची बेरीज घ्या. इथरनेटवर सरासरी ६४ ते साधारण १५१८ बाइटच्या मध्ये यायलाच हवी. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू असतील तर वरची हद्द नऊ हजारांच्या आसपास. वरच्या ९२ मेगाबिटच्या उदाहरणात पॅकेटचा काउंटरही शून्यावर आला होता आणि त्यातही ४२९ कोटी मिळवले गेले. ३४५ कोटी बाइट, ४२९ कोटी पॅकेट, म्हणजे पॅकेटमागे एक बाइटही नाही. असं पॅकेट अस्तित्वातच नसतं.

दुसरा पडताळा तारेच्या दुसऱ्या टोकाचा. इथे जे आत आलं ते तिथून बाहेर गेलेलं असलंच पाहिजे. पलीकडचं उपकरण तुमच्या ताब्यात असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो. आणि खरा लोंढा मागे खुणा ठेवतो: आयएफ-आउट-डिस्कार्ड्स (बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटचा काउंटर) वाढतात, रांगेतून पॅकेट गळतात, त्याच वेळी दुसऱ्या पोर्टवरही वाहतूक चढते. हेही विसरू नका की पाच मिनिटांच्या सरासरीत ४० टक्के दिसणारी लिंक काही सेकंद पूर्ण भरलेली असू शकते. गळती दिसते आणि ग्राफ शांत आहे, तर गळतीवर विश्वास ठेवा.

फ्लोच्या (दोन टोकांमधल्या एकेका संवादाच्या) ग्राफबद्दल एवढंच: लांब चाललेल्या फ्लोचा हिशोब राउटर मध्ये मध्ये पाठवतो, आणि नेटफ्लोमध्ये ही मुदत सहसा मुळात ३० मिनिटांची असते. अर्ध्या तासाचे बाइट एका मिनिटात ओतले की टोक उठणारच. ही मुदत, म्हणजे ॲक्टिव्ह टाइमआउट, एक मिनिटावर आणा. राउटरला पिंग करून दिसणाऱ्या लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) स्पाइकला भुलू नका. स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं हे राउटरच्या मुख्य प्रोसेसरचं फावल्या वेळचं काम असतं. त्याच्या पुढच्या टप्प्यांचा वेळ वाढलेला नसेल, तर वाहतुकीला उशीर झालेलाच नाही.

राहिला जुना ग्राफ. आरआरडी फाइलची प्रत काढून ठेवा. ट्यून आदेशाने कमाल मर्यादा लिंकच्या वेगावर आणा, पण त्याने आधी साठवलेलं काही बदलत नाही. म्हणून फाइल डम्प करा आणि रीस्टोर करताना रेंज चेकचा पर्याय द्या; मर्यादेबाहेरच्या किमती अज्ञात होतात. ४९२ पेटाबिट यात पूर्ण निघून जाईल, मात्र ज्या ज्या सरासरीत तो मिसळला होता तो अख्खा दिवसही अज्ञात होईल. ९२ मेगाबिटचं वेगळं. पाच मिनिटांच्या नोंदीतून तो जाईल, पण दोन तासांच्या सरासरीत २४ सॅम्पलांपैकी एक म्हणून त्याचा वाटा ३.८ मेगाबिटचा, आणि तेवढ्याने सरासरी ३० च्या वर जात नाही, म्हणून ती तशीच राहील. अशा नोंदी मी हाताने दुरुस्त करत नाही; त्या तारखेला रीबूटची टीप लावतो आणि क्षमतेच्या हिशोबातून तो दिवस वगळतो.